मानाच्या जागेवरचा धूर

खानदेशात निघाले आहे म्हटल्यावर कोल्हापुरात प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला, "मग अजिंठा बघून येणार ना?" मी सांगायची, "नाही, बसचा धूर बघून येणार." यावर लोक आधी हसायचे आणि मग माझ्या नवऱ्याकडे सहानुभूतीनं बघायचे. धूर काय, तो आपल्या स्टँडवर फुकट मिळतो, त्यासाठी रात्रभर गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची गरज काय, असं शेजारच्या काकूंचं म्हणणं पडलं. काकूंना पटेल असं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

काम असं होतं. मी डॉक्टर आहे, पण दवाखान्यात बसणारी नव्हे. रोगी होण्याआधीच माणसांना गाठावं, असं शिकवणाऱ्यांपैकी. शहरात फिरणाऱ्या बसच्या धुरात जी माणसं दिवस काढतात, ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, त्यांच्या छातीवर त्याचा काय परिणाम होतो हे मोजायचं ठरलं होतं. मोठ्या शहरांबद्दल तेव्हा थोडंफार बोललं जाऊ लागलं होतं. मध्यम गावांना मात्र धूर नसतोच, असा सगळ्यांचा समज. म्हणून जळगाव आणि धुळे. नव्वदच्या दशकातला हिवाळा होता. माझ्याबरोबर दोन वस्तू होत्या : हवा ओढून पांढऱ्या कागदातून गाळणारा एक जड पंप, आणि जोरात फुंकलं की काटा सरकणारं एक नळकांडं. या नळकांड्याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे. खानदेशात पहिल्याच दिवशी त्याचं 'फुंकणी' असं बारसं झालं आणि मीही तेच धरून चालले.

जळगाव

जळगावला उतरले तेव्हा स्टेशनावर केळीचे घड चढत होते आणि हवा इतकी कोरडी होती की दुपारपर्यंत माझे ओठ फुटले. मला न्यायला भास्करभाऊ चौधरी आले होते. ते तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस, पंप चालवायला त्यांची नेमणूक झाली होती. त्यांनी पंप सायकलच्या कॅरियरला बांधला, मला रिक्षात बसवलं आणि स्वतः सायकलवरून रिक्षाच्या पुढं राहिले. पाहुण्याच्या मागून जायचं नाही, पुढून वाट दाखवत जायचं, अशी त्यांची रीत. आमच्याकडे पाहुण्याला पुढं घालतात आणि तो चुकला की मागून ओरडतात.

स्टँडसमोरच्या हॉटेलच्या गच्चीवर पंप ठेवला. संध्याकाळी आतला कागद काढला तर पांढरा कागद काजळाच्या डबीच्या झाकणासारखा झाला होता. हॉटेलमालक बघायला आले. मारवाडातून आजोबांच्या काळी आलेलं घराणं, पण बोलणं अस्सल इथलं. कागद बघून गच्चीवर वाळत घातलेले पापड त्यांनी स्वतः गोळा करून खाली नेले.

डेपोत फुंकण्याचं काम सुरळीत झालं. माणसं रांगेत आली, हसली, फुंकली. शेडमध्ये काम करणाऱ्यांचा काटा गेटवर बसणाऱ्यांपेक्षा खाली राहत होता. मला हेच अपेक्षित होतं. तिथली शेड तीन बाजूंनी उघडी असूनही फरक दिसत होता. मग धुळ्याला काय दिसेल, या विचारानं मला थोडी धास्तीच वाटली, कारण तिथली शेड बंदिस्त आहे असं ऐकलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी भास्करभाऊंनी आसोद्याच्या त्यांच्या शेतात भरीत खायला नेलं. तिखटाचा मक्ता फक्त आपल्याकडे आहे अशी आम्हा कोल्हापूरकरांची गोड समजूत असते. ती त्या दिवशी संपली. वीतभर लांबीची हिरवट पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, सोलली, लाकडी परातीसारख्या बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचली, वरून कांद्याची पात आणि दाणे. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. पहिला घास मी रुबाबात घेतला, दुसऱ्याला कानातून वाफ निघाली. भास्करभाऊंची आई शेजारी बसून सारखी वाढत होती. "लाजू नका व माय," म्हणायची. मी लाजत नव्हते, मला बोलताच येत नव्हतं.

गंमत म्हणजे धूर मोजायला आलेली बाई तासभर काड्यांच्या धुरात बसून डोळे पुसत होती. वारा फिरला की सगळे घोळक्यानं उठून पलीकडे बसायचे, पुन्हा फिरला की पुन्हा उठायचे. उघड्यावरचा धूर असा असतो, त्याच्याशी उठबस करता येते.

पारोळ्याच्या रस्त्याने

जळगाव ते धुळे बस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणीला आलेली कपाशी, एरंडोलला चहा, पारोळ्याला रस्त्यालगतचा किल्ला, एवढं सोडलं तर सांगण्यासारखं एकच. माझा पंप पाहून शेजारचे बाबा सरसावून बसले. त्यांनी विचारलं, "फवाराना शे का?" मी म्हटलं, हो पण नाही, हा हवा फवारत नाही, ओढतो. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "ओढीसनी ठेवस कोठे?" पुढचा अर्धा रस्ता मी त्यांना कागद उलगडून दाखवत होते. उतरताना त्यांनी मला बोंडअळीवर औषध विचारलंच. डॉक्टरीणबाई आहे म्हटल्यावर काहीतरी माहीत असणारच, असा त्यांचा हिशेब.

धुळे

धुळ्याच्या जुन्या गावात गल्ल्या सरळसोट आणि त्यांना नावाऐवजी नंबर. कोल्हापुरात पत्ता विचारला तर तालीम, देऊळ, मिसळवाला, असं करत पोचवतात. इथं नंबर सांगितला की माणूस हात सरळ करतो आणि आपण त्या हाताच्या रेषेत चालत सुटायचं. हरवायची सोयच नाही.

शहर बसचा डेपो गावाच्या कडेला होता. शेडचे मुख्य आबा सोनवणे. वय पन्नाशीच्या पुढचं, गळ्यात शिट्टी, कपड्यांना घडी. त्यांनी मला शेड फिरवून दाखवली ती घर दाखवावं तशी. तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला हिवाळ्यापुरती ताडपत्री, बसना थंडी वाजू नये म्हणून. अगदी आत, भिंतीला लागून, एका बससाठी जागा होती. तिच्यावर झेंडूची वाळकी माळ, खाली लादी धुतलेली.

"ही कुणाची जागा?"

"ही मानाची, ताई," आबा म्हणाले आणि अभिमानानं त्यांची भाषा घरची झाली. "ड्युटी बठ्ठासले, सगळासले सारखी, पन मान येगळा. सर्वांत जुना ड्रायव्हरनी गाडी आठे उभी ऱ्हास. ऊन नही, थंडी नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजर झाले आणि तो मान प्रत्यक्ष पाहिला. आबांनी शिट्टी मारली. ती वाजताच शेडमधल्या सगळ्या बस एकदम सुरू झाल्या. थंडीत इंजिन तापायला आणि ब्रेकमध्ये हवा भरायला वेळ लागतो, तोवर सगळ्यांनी आपापल्या गाडीजवळ थांबायचं. कुणी पुढे, कुणी मागे असं नाही. सगळ्यांनी एकदम, आरतीला उभं राहिल्यासारखं. ताडपत्रीमुळे धूर बाहेर जाईना. मग बाहेरच्या बाजूनं एकेक गाडी निघायला लागली आणि सर्वांत आतली, मानाची, साहजिकच सर्वांत शेवटी निघाली. मी दारातूनच खोकत बाहेर पळाले. मागे वळून पाहिलं तर धुरात त्या शेवटच्या गाडीचे फक्त दिवे दिसत होते.

सर्वांत जुन्या माणसाला मान म्हणून सर्वांत जास्त धूर द्यायचा! आणि देणारा प्रेमानं देतोय, घेणारा अभिमानानं घेतोय. कुणाला काय बोलणार?

मी विश्रांतीच्या खोलीत टेबल टाकून फुंकणी मांडली. धुळ्याची थंडी कडक, माणसं डोकं-कान मफलरनं गुंडाळून यायची. मी नाव पुकारायची, माणूस यायचा, मफलर तोंडापुरता खाली ओढायचा, फुंकायचा, काटा सर्रकन वर जायचा, माणूस जायचा. नाना महाले, मानाच्या जागेचे ड्रायव्हर, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. त्यांचा काटा तर इतका वर गेला की मी उठून उभी राहिले. वाटलं, फुंकणी बिघडली. स्वतः फुंकून पाहिली. माझा काटा जिथं नेहमी थांबतो तिथंच थांबला.

दोन दिवस हेच. जळगावच्या उघड्या शेडमधल्या माणसांची छाती खालावलेली आणि धुळ्याच्या बंद शेडमधले सगळे पहिलवान! मला माझ्या शास्त्राचाच राग आला. असलाच निकाल घेऊन गेले, तर डेपोच्या साहेबांना काय सांगणार, शेड बंद ठेवा, छाती सुधारते?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिक्षानं परतत होते. लग्नसराई होती. एका गल्लीत वरात आडवी आली आणि रिक्षा थांबली. लाल कोट, सोनेरी झालर, पुढे बँड. ट्रंपेट वाजवणारा माणूस गाल फुगवून असा काही सूर लावत होता की नवरदेवाचा घोडाही थबकला. त्या माणसाकडे बघताना मला वाटलं, यांना कुठंतरी पाहिलंय. मग एकदम ओळख पटली. नाना महाले! मी आनंदानं रिक्षातून डोकं बाहेर काढलं आणि हाक मारली, "अहो महाले! नाना!"

त्यांनी लक्षच दिलं नाही. बँडमधल्या दुसऱ्यानं मात्र त्यांना कोपरानं ढोसलं, "ए सुपडू, त्या ताई हाका मारी राहिन्यात."

सुपडू माझ्याकडे वळला, आणि त्याचा सूर मध्येच तुटला. तोंडाला लावलेलं ट्रंपेट खाली आलं. वरच्या ओठावर बिगुलवाल्यांना पडतो तसा गोल वळ. हा वळ मी दोन दिवसांत किती नावांच्या तोंडावर पाहिला होता, ते मला तिथं रिक्षात बसल्या बसल्या आठवायला लागलं. निळा मफलर, तपकिरी मफलर, चौकडीचा मफलर. अख्ख्या शेडसाठी एकच छाती फुंकत होती आणि ती लग्नात ट्रंपेट वाजवणाऱ्याची होती.

आधी मला भयंकर राग आला. मग हसू आवरेना. रिक्षावाला घाबरून मागे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सुपडू स्वतःच आला. डेपोत मेकॅनिक, सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये. मान खाली घालून म्हणाला, "ताई, रागे भरू नका. लोकेसले वाटनं, तुम्ही नापास करशात." गावात बातमी पसरली होती की कोल्हापूरची बाई फुंकणी घेऊन आली आहे, जो कमी फुंकेल त्याला ड्रायव्हर म्हणून नालायक ठरवून गाडीवरून उतरवणार. मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. पण पांढरा डगला, टेबल, नाव पुकारणं, यात न बोलता तेच म्हटलं गेलं असावं.

"पण मुळात कुणाला वाचवायला सुरू केलंत हे?" मी विचारलं.

सुपडू म्हणाला, "नानाले."

त्या दुपारी खऱ्या नाना महाल्यांनी मला जेवायला बोलावलं. घर पांझरा नदीच्या पलीकडे, देवपूरला. नाना उंच, ताठ, इस्त्रीचा खाकी शर्ट. दारातून आत येईपर्यंत त्यांना दोनदा थांबावं लागलं, पण थांबताना ते दरवेळी काहीतरी दाखवायचे, हे बघा तुळस, हे बघा नवं फाटक. दम लागल्याचं पाहुण्याला कळू नये अशी सगळी तजवीज. त्यांची बायको, सगळे तिला अक्का म्हणत, चुलीपुढून माझ्याकडे बघत होती. तिला ती फाटकाची युक्ती पाठ असावी.

जेवायला शेवेची भाजी. लाल तर्री, वर जाड शेव. आमच्याकडे शेव चहाबरोबर खातात, तिची भाजी करतात हे आईला सांगितलं तर ती मला दृष्ट काढायला बसवेल. अक्का सारखी विचारत होती, "तिखं लागस का?" मी नाही म्हणत होते आणि नाक पुसत होते.

हात धुतल्यावर नाना बोलले. "ताई, तुमना पुढे जो नाना महाले फुकी गया, तो मी नव्हतू." मग प्रमाण मराठीत, जपून : "बिडी कधी ओढली नाही. दारू नाही. तीस वर्षांत एक कुत्रं गाडीखाली येऊ दिलं नाही. आता स्टेअरिंग काढून घेतलं आणि मला झाडू घेऊन गेटवर उभं केलं, तर मी उभा राहीन, पण घरी येताना कोणत्या तोंडानं येऊ?"

मी म्हटलं, "नाना, तुम्ही खोटं फुंकलंत तर मी जाईन, निकाल चांगला लागेल, आणि ती ताडपत्री तशीच राहील. तुमच्या मागं त्या जागेवर जो येईल त्याचीही छाती जाईल."

ते मला पोचवायला उठले. बाहेर पडताना फाटकापाशी म्हणाले, "खरं फुकं तं काटा कितला ऱ्हाई?"

"मला माहीत नाही. बघितल्याशिवाय कसं सांगू?"

पुन्हा शेडमध्ये

मी डगला काढून ठेवला, टेबल हलवलं, नावं पुकारणं बंद केलं. सगळ्यांना अंगणात लिंबाखाली बसवून सांगितलं : मला तुमची नावं नकोत. सकाळी शिट्टी वाजते तेव्हा तुम्ही शेडमध्ये कुठं उभे असता, तेवढंच सांगा आणि फुंका. कुणी हललं नाही. सगळे आपल्या चपलांकडे बघत होते. कोल्हापुरात एवढ्या शांततेत एखाद्यानं तरी शिट्टी मारली असती.

मग नाना उठले. मफलर काढला, नीट घडी करून खांद्यावर टाकला, फुंकणी हातात घेतली. मोठ्यानं म्हणाले, "नाना महाले. मानानी जागा." आणि फुंकलं.

काटा जेमतेम हलला. फुंकून ते वाकले आणि बराच वेळ खोकत राहिले. सुपडूनं त्यांना धरलं. कुणी हसलं नाही. आबा सोनवणे शेडच्या दारात उभे होते, त्यांचा हात गळ्यातल्या शिट्टीवर होता आणि चेहरा असा की मला बघवेना. ज्यांना आपण सर्वांत जास्त मान दिला त्यांचाच काटा सर्वांत खाली.

त्यानंतर एकेक करून सगळे उठले. जो तो जागा सांगायचा, भिंतीजवळ, मधली रांग, ताडपत्रीजवळ, गेट, आणि फुंकायचा. सुपडूही एकदाच फुंकला, स्वतःसाठी. चित्र स्वच्छ होतं. दारापासून आत जावं तसा काटा उतरत होता. सकाळी शेडमध्ये ठेवलेल्या पंपाचा कागदही तेच सांगत होता. तो मी बाहेर काढला तेव्हा माझी बोटं काळी झाली.

डेपोचे मॅनेजर साहेब वाईट माणूस नव्हते, पण ते नियमांनी बांधलेले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "कमी निघालेल्यांची नावं द्या मॅडम. वरती कळवावी लागतील. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"माझ्याकडे माणसांची नावं नाहीत साहेब. जागांची आहेत."

"महालेचं तरी सगळ्यांनी पाहिलं. त्याला तरी बाजूला करावं लागेल."

मी म्हटलं, महाल्यांना त्या जागेवरून हलवा आणि मग बघा. माणसाची छाती जुन्या रोगानं गेली असेल तर ती हलवून सुधारणार नाही. धुरानं आवळली असेल तर धुरापासून दूर गेल्यावर थोडी तरी मोकळी होईल. नाना पुतण्याच्या लग्नाला नरडाण्याकडे गावी जाणार होते, चार दिवसांची रजा मंजूर होती. परत आल्यावर पुन्हा फुंकतील, तोवर थांबा. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "परत आल्यावर काटा तिथंच असला, तर मी काही करू शकणार नाही. ही एवढी मुदत."

मी बाहेर आले आणि तेव्हा मला भीती वाटली. डॉक्टर म्हणून मला माहीत होतं की दोन्ही शक्य आहे. इतक्या वर्षांचा धूर चार दिवसांत उतरतोच असं नाही. मी एका माणसाचं स्टेअरिंग चार दिवसांच्या शेतातल्या हवेवर लावून बसले होते, तेही त्याला न विचारता. संध्याकाळी जाऊन विचारलं. नाना बॅग भरत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाली. लगीनमा फुकाना सराव करस. सुपडू येई राहिना बँड लिसनी."

ते दिवस मी धुळ्यात कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. स्टँडवरची हवा मोजली, पांझरेच्या काठी फिरले, मुरमुऱ्याचा तिखट भडंग इतका खाल्ला की पोट बिघडलं. एके सकाळी शेडकडे गेले तर वेगळंच दृश्य. ताडपत्री खाली उतरवून घडी करून ठेवलेली. आबा शिट्टी न वाजवता हातवारे करत होते : दारातली बस सुरू कर, मैदानात ने, तिथं तापव, मग दुसरी. कुणाला विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मी काही म्हणायच्या आत आबाच ओरडले, "थंडीना काय शे ताई, गाडीले थंडी वाजत नही! इतली वरीस माले कोन सांगं?" मग थोडं थांबून हळू आवाजात : "नानाले इचारी ल्या, तेसनी जागा कोनले देऊ."

नाना लग्नाहून आले ते हळदीचे डाग घेऊन. आल्या आल्या मैदानातच फुंकायला उभे राहिले. मॅनेजर साहेब चष्मा लावून आले. आबा, सुपडू, सगळे. नानांनी श्वास भरला. मी काट्याकडे बघायचं धाडस करत नव्हते, मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

साहेब वाकले, पुन्हा सरळ झाले आणि म्हणाले, "अजून एकदा."

नानांनी अजून एकदा फुंकलं. काटा पूर्वीच्या खुणेच्या बराच वर जाऊन थांबला होता. पहिलवानाइतका नाही, सुपडूच्या जवळपासही नाही; त्यांच्या वयाच्या, थोडं सोसलेल्या माणसाचा असतो तेवढा. साहेब म्हणाले, "ठीक आहे. माणूस ठीक आहे." मग शेडच्या दिशेनं बघत, "ताडपत्री पुन्हा लागता कामा नये." एवढं बोलून ते ऑफिसात गेले. सुपडूनं कुणाच्या तरी पाठीवर थाप मारली, बहुतेक माझ्याच. मला इतका आनंद झाला होता की लागलेलं कळलं नाही.

मानाच्या जागेचं काय करायचं, हे राहिलंच होतं. आबांनी नानांना सगळ्यांसमोर विचारलं. नाना म्हणाले, "कोनलेच नका देऊ. तठे जुना टायर ठेवा." आबांचा चेहरा पडला. ते बघून नानांनी गेटजवळच्या लिंबाकडे बोट दाखवलं, "मान देनाच शे तं तठे द्या. जी गाडी पहिली बाहेर निंघी, तिले." त्या दुपारी आबांनी स्वतः लिंबाखालची जमीन चुना टाकून आखली. वाळकी माळ काढून ताजी घातली ती झाडाला.

पुढे आठवडाभर मी राहिले. सगळ्यांचे आकडे पुन्हा घेतले. काही सुधारले, काही नाही. काहींची छाती जेवढी जायची तेवढी गेलीच होती, आणि स्टँडवरचा धूर अजून तसाच आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. अहवालात मी हे लिहिलं. पण एका गावातली एक शेड, एका शिट्टीनं चालणारी, एका आठवड्यात बदलताना मी पाहिली, हेही लिहिलं. काकूंना आता मी हेच उत्तर देते.

निघायच्या दिवशी मला जळगावच्या गाडीपर्यंत पोचवायला नानांचीच शहर बस होती. अक्का डबा घेऊन चढली, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि दादर ज्वारीच्या भाकरी. स्टँडवर बस थांबली तेव्हा नाना गाडी पुसण्याच्या निमित्तानं खाली उतरले. मला वाटलं, निरोप द्यायच्या आधी अक्काला तो आकडा सांगावा, तिला बरं वाटेल. मी पिशवीतून फुंकणी काढली आणि खुणा दाखवायला लागले, आधी काटा इथं होता, आता इथं.

अक्कानं माझा हात धरून फुंकणी पिशवीत परत ठेवली. म्हणाली, "ते माले समजत नही, माय. दोन हिवाळा हाऊ मानूस भितडाले टेकीसनी, बशीसनी झोपे. मी बी मंग जागी ऱ्हाऊ." तिनं डब्याची गाठ पुन्हा आवळली. "आते आडवा झोपस. काल तं घोरना बी."

खिडकीखाली नाना आरसा पुसत होते. आरसा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी ते पुसतच राहिले.